लॅब (लॅब्रॅडॉर) रेस्क्यू ग्रुपकडून कुत्री आणली त्याला सहा महिने झाले, आता रिव्ह्यू लिहिते

आधीच सांगते, ग्रुपचं नाव लिहिणार नाहीये. त्यांनीच नको सांगितलंय, कारण नाव आणि पत्ता पसरला की लोक रात्रीतून व्हॉलंटियरच्या गेटला कुत्रं बांधून पळून जातात, एकीच्या दारात म्हणे पावसात दोन लॅब बांधलेले सापडले होते, सोबत पातेलं आणि अर्धी बिस्किटाची पिशवी. तेव्हा ज्यांना खरंच हवंय त्यांनी आपल्या व्हेटला विचारा, पुण्यातल्या बऱ्याच व्हेट लोकांना हे ग्रुप माहीत असतात.

तर आम्ही हडपसरला राहतो, चौथा मजला, मी, नवरा, मुलगा नववीत आणि सासूबाई. मुलाला तीन वर्षं लॅब पाहिजे होता. आधी ब्रीडरकडेच चौकशी केली, एकाने १५ हजार सांगितले, "पेपरवाला", म्हणजे वंशावळीच्या कागदांसकट, हवा तर २५, आणि पिल्लाची आई बघू का म्हटलं तर म्हणाला आई फार्मवर असते, तिथे कोणाला नेत नाही. तेव्हा ते खटकलं होतं, पण का खटकलं ते नीट कळलं नव्हतं. ते नंतर कळलं, कारण आमच्या घरी जी आली ती तसल्याच कुठल्यातरी फार्मवरची "आई" होती.

ग्रुपकडे फॉर्म भरला मे महिन्यात. फॉर्म म्हणजे अक्षरशः मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न. घर स्वतःचं का भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, रोज किती तास घर रिकामं असतं, गावाला गेलात तर कोण सांभाळणार, बदली झाली तर काय, परदेशात गेलात तर काय, झोपणार कुठे, साखळीला बांधणार का, आणि एक प्रश्न असा की याआधी कुत्रं होतं का आणि ते कसं गेलं. मला ह्या शेवटच्या प्रश्नाचा रागच आला. तुम्हाला काय करायचंय? मग बसून खरं ते लिहिलं की माहेरी इंदापूरला टायगर होता, मोकळा असायचा, गाळपाच्या दिवसात उसाच्या ट्रॉलीखाली गेला, मी सहावीत होते. हे इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि एका गूगल फॉर्मच्या चौकोनात लिहिलं.

आठ दिवस उत्तर नाही. मग मेसेज आला की तुम्ही मागितलेला नर, दीड वर्षांचा, तो तुम्हाला देता येणार नाही.

झालं, घरात मोठं वादळ. नवरा म्हणाला फुकटात कुत्रं घ्यायचं तर ह्यांचे नखरे. मी फोन केला, तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा रात्री साडेनऊला एका मुलीने उचलला, आवाजावरून पंचविशीची असेल, मागे तीन-चार कुत्री भुंकतायत, आणि ती म्हणाली, "ताई, तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंय की सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तो ३४ किलोचा आहे आणि दार उघडलं की अंगावर उडी मारतो. आजी पडल्या तर तुम्हीच त्याला महिन्याभरात परत आणाल, आणि त्याची ती तिसरी वेळ होईल." यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. मग म्हणाली मोठी चालेल का, पाच वर्षांची, शांत आहे, फोटो पाठवते, फोटोवर जाऊ नका.

फोटोवर जाऊ नका हे बरोबरच होतं. फिकट पिवळी, पोटाशी आचळं लोंबलेली, दोन्ही कोपरांवर काळे जाड घट्टे, आणि पुढचे सुळे झिजून बोथट झालेले. ती मुलगी म्हणाली हे पिंजऱ्याच्या गजांमुळे, वर्षानुवर्षं गज चावत बसतात, आणि घट्टे सिमेंटवर झोपून झोपून. एका ब्रीडरने धंदा बंद केला तेव्हा चार माद्या ग्रुपने उचलल्या त्यातली ही. कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या नियमात आहे की एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, पण मोजायला कोण जातंय. आणि पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड किती, तर १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आमच्याकडे एक भेळ येते.

मग होम चेक. रविवारी एक मुलगा आला, हिंजवडीला आयटीत आहे, स्वतःच्या बाईकवर स्वतःच्या पेट्रोलने. चहा घेतला, पोहे नको म्हणाला, बाल्कनीच्या ग्रिलमध्ये हात घालून गॅप बघितली, गच्चीचं दार, कचऱ्याचा डबा कुठे असतो, फिनाईल कुठे ठेवता सगळं बघितलं. इथपर्यंत मला वाटलं ठीक आहे, चेकलिस्ट आहे. मग तो पाणी मागायच्या निमित्ताने किचनमध्ये गेला आणि सासूबाईंना हळूच विचारतोय, "आजी, तुम्हाला खरंच चालणारे का? दुपारी तुम्ही दोघीच असणार आहात घरात."

सासूबाई म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही रे बाळा."

मी हॉलमध्ये, ऐकू आलं. खरंच विचारलं नव्हतं. आपण गृहीतच धरतो ना. मग त्यांनी त्याला तीन अटी सांगितल्या, देवघरात नको, स्वयंपाकघरात नको, आणि मी गू काढणार नाही. त्याने त्या तिन्ही फॉर्मवर जशाच्या तशा लिहिल्या, आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवल्या आणि मुलाला विचारलं तिसरं काम कोण करणार, सही कर. नववीतल्या पोराने सही केली. ती सही मी आजही दाखवते त्याला, सकाळी साडेसहाला.

सोसायटीचं पण एक लचांड निघालं. सेक्रेटरी म्हणाले जनरल बॉडीत ठराव लागेल, आणि लिफ्ट वापरायची नाही. ग्रुपने ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट पाठवली, त्यात स्पष्ट आहे की सोसायटी पाळीव कुत्र्याला बंदी घालू शकत नाही, लिफ्टलाही नाही, ठराव केला तरी नाही. सोबत सल्ला पण दिला की ही प्रिंट तोंडावर फेकू नका, पेढे घेऊन जा आणि चहा पिता पिता द्या. तसंच केलं. काका अजून नाक मुरडतात पण बोलत नाहीत.

जूनमध्येच न्यायची आमची तयारी होती तर ते म्हणाले थांबा, हडपसरवरून दोन्ही पालख्या जातात ना, ती गर्दी आणि स्पीकर होऊन जाऊ दे, पहिल्याच आठवड्यात तिला तो दणका नको. हे आमच्या डोक्यात सुद्धा आलं नव्हतं, आम्ही इथेच राहून. पालखी गेली आणि पुढच्या शनिवारी आम्ही डोंबिवलीला गेलो, तिथे एका ताईंकडे ती फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, होती. वन बीएचके, त्यात त्यांची स्वतःची दोन कुत्री आणि ही. ताईंनी आम्हाला खुर्च्यांवर न बसवता फरशीवर बसवलं आणि सांगितलं तिच्याकडे बघू नका, आपापसात बोला. आम्ही पाऊण तास फरशीवर बसून मुलाच्या क्लासच्या फीबद्दल बोललो. मग ती मागून आली आणि नवऱ्याच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. ज्याने नखरे म्हटलं होतं तोच. तो हललाच नाही, पाय बधीर झाले तरी.

निघताना ताई रडल्या नाहीत, पण तिचं जेवण किती ग्रॅम, कधी, कुठल्या वाटीत हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि वाटी पण दिली.

नाव ताईंनी बटर ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या लोण्याला बटर कशाला म्हणायचं, लोणी म्हणा. तर आता नवरा रात्री खाली उतरून "लोणी, लोणी" ओरडतो, आणि आमच्यापासून गाडीतळ, म्हणजे बस-रिक्षांचा थांबा, पाच मिनिटांवर आहे, एकदा खरंच एक बाई पिशव्या घेऊन थांबल्या आणि विचारलं लोणी काळभोरला किती घेणार.

आता महत्त्वाचं, म्हणजे पहिले पंधरा दिवस, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला हेच माहीत पाहिजे. आम्हाला वाटलं होतं लॅब म्हणजे आला की शेपूट हलवत घरभर फिरणार. ही दोन दिवस चपलांच्या रॅकपाशी बसून होती. खोलीचा उंबरठा ओलांडत नव्हती, म्हणजे पाय उचलायची, हवेत धरायची, परत खाली ठेवायची. जिना माहीत नव्हता. लिफ्टचं दार उघडलं की चारी पाय पसरून फरशीला चिकटायची. आणि २८ किलो. चार मजले नवरा तिला कडेवर घेऊन उतरायचा, तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. फिरायला नेलं तर गवतावर पाय ठेवायलाच तयार नाही, शू करायची ती पार्किंगच्या सिमेंटवरच, कारण जन्मभर तेच पायाखाली होतं. लोक म्हणतात हाऊस ट्रेनिंग करा, अहो हिला मातीच माहीत नव्हती.

त्या मुलीने, फोनवाल्या, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर जिना शिकवला. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची आणि एका पायरीवर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, खाल्ला की पुढची पायरी, खाल्ला नाही तर तिथेच बसून राहायचं, ओढायचं अजिबात नाही. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या, वीस मिनिटं. पाचव्या दिवशी एक मजला. आमच्या शाकाहारी सासूबाई वर दारात उभ्या राहून "अगं ये, ये" करतायत. हे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशोब सांगतात, की तीन दिवस घाबरलेलं, तीन आठवड्यात घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यात आपलं घर वाटायला लागतं. आमच्याकडे तो हिशोब चुकला, पहिले तीन दिवस संपायलाच तीन आठवडे लागले. पहिल्यांदा भुंकली एकोणिसाव्या दिवशी, भंगारवाल्यावर. सगळे हातातली कामं टाकून बाल्कनीत पळाले आणि तो भंगारवाला बिचारा वर बघतोय की ह्यांना काय विकायचंय.

आता तक्रारी. दोन मोठ्या आहेत.

एक, वय. पाच सांगितलं होतं, आमच्या व्हेटने दात आणि डोळे बघून सात-आठ तरी असेल म्हटलं. मान्य आहे दात पिंजऱ्यामुळे झिजलेले, कोणालाही नक्की सांगता येणार नाही, पण मग "साधारण" लिहा ना, पाच कशाला लिहायचं. लॅबचं आयुष्य बारा-तेरा धरलं तर दोन-तीन वर्षांचा फरक हा लहान फरक नाही, मुलाला मी काय सांगू. ग्रुपला सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, म्हणाले ब्रीडरने सांगितलेलं वय लिहिलं होतं, चूक आमची. पण चूक ती चूक.

दुसरी जास्त गंभीर. पाचव्या आठवड्यात लोणीने सकाळी ताटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आता लॅबने जेवण सोडणं म्हणजे काय ते लॅबवाल्यांनाच कळेल, ह्या जातीला पोट भरल्याचं कळतच नाही असं आपण गमतीने म्हणतो पण ते काही अंशी खरंच आहे, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की साधारण चौथा हिस्सा लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे भूक जास्त लागते. तर हिने सोडलं. संध्याकाळी हिरड्या पांढुरक्या. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज टाकला, दहा मिनिटांत त्यांच्यातल्या मेडिकल बघणाऱ्या काकूंचा फोन, हिरडीचा फोटो टॉर्च लावून पाठवा, नाकातून रक्त येतंय का बघा, येत असेल तर आत्ताच निघा नाहीतर सकाळी दार उघडायच्या आधी क्लिनिकला जाऊन बसा आणि सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करायला सांगा. प्लेटलेट ६२ हजार आले, निरोगी कुत्र्याला दोन लाखाच्या आसपास तरी पाहिजेत. टिक फीवर, म्हणजे गोचीड चावून होतो तो. २८ दिवस डॉक्सीची (अँटिबायोटिक) गोळी, रिकाम्या पोटी नाही द्यायची, उलटी होते. बरी झाली.

पण नंतर बोलता बोलता कळलं की फॉस्टरला यायच्या आधी, दुसऱ्या एका व्हॉलंटियरकडे असताना, तिला एकदा टिक फीवर होऊन गेला होता. तो रिपोर्ट त्या व्हॉलंटियरच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर. आम्हाला दिलेल्या फाईलमध्ये रेबीज आणि नाईन-इन-वन लसींचे स्टिकर होते, जंताच्या गोळीच्या तारखा होत्या, गर्भाशय काढल्याचं ऑपरेशनचं सर्टिफिकेट होतं, आणि हा रिपोर्ट नव्हता. माहीत असतं तर मी पहिल्याच महिन्यात रक्त तपासून घेतलं असतं. यावर मी चिडून फोन केला आणि चांगलंच बोलले. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, पंधरा जणांच्या पंधरा फोनमध्ये आमची फाईल असते." आता म्हणे एका ड्राइव्हमध्ये सगळं टाकतायत. टाकतायत असं म्हणतायत, मी काही बघितलं नाही अजून.

बारीक तक्रार अशी की मेसेजची भाषा फार तुटक असते. "फोटो पाठवा." "आज का नाही पाठवला?" पहिल्या महिन्यात दर रविवारी फोटो मागायचे, मला पोलीस स्टेशनला हजेरी लावल्यासारखं वाटायचं. ॲग्रीमेंटमध्ये ते आहेच, की अपडेट द्यायचे, न सांगता बघायला येऊ शकतात, आणि नाही जमलं तर कुत्रं परस्पर कोणाला द्यायचं नाही, आमच्याकडेच परत. माझा बारामतीचा चुलतभाऊ आला तेव्हा म्हणाला लॅब आहे, एक वेत होऊ द्या की, मला एक पिल्लू द्या. सासूबाईच त्याला म्हणाल्या, "तिची सगळी बाळंतपणं झालीत, तू चहा घे."

खर्चाचं विचारतात लोक म्हणून लिहिते. ग्रुपने एक रुपया घेतला नाही, ऑपरेशन आणि लसी त्यांनीच केलेल्या, डोंबिवलीचं पेट्रोल आणि टोल तेवढा आमचा. पण फुकट कुत्रं असं काही नसतं, महिन्याला खाणं, गोचिडाचं औषध, सांध्यांची गोळी धरून साडेचार-पाच हजार जातात, आणि टिक फीवरच्या महिन्यात अकरा गेले. ज्यांना हे जड जाईल त्यांनी आधीच विचार करा, लाजायचं कारण नाही.

दिवाळीत ग्रुपने नवीन कुत्री देणंच बंद ठेवलं होतं. आम्हाला आठ दिवस आधी मेसेज आला, तुटकच, की संध्याकाळचं फिरवणं चार वाजता उरका, पट्टा आणि हार्नेस दोन्हीला वेगवेगळी दोरी लावा, गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली, थरथरत होती. मुलगा आत पाटावर बसून भूगोल वाचत होता मोठ्याने, दार लावून, फटाके दीडला थांबले तोपर्यंत. बाहेर आला तर पाठीला भिंतीचा चुना.

स्वयंपाकघरात नको ही अट कधी मोडली माहीत नाही. मी एकदा ऑफिसमधून लवकर आले तर सासूबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलतायत आणि लोणी बरोब्बर त्यांच्या पायावर हनुवटी टेकून, ऑपरेशन झालेल्याच गुडघ्याला टेकून, तोंडाशी एक टरफल. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "कांदा नाही हो देत, त्या मुलाने सांगितलंय." देवघरात मात्र अजून जात नाही. घरातला तेवढा एकच उंबरठा आहे जो ती आजही ओलांडत नाही, आणि त्याचं श्रेय सासूबाई घेतात.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार. अर्धा वयाचा कापला, अर्धा त्या रिपोर्टचा. प्रश्न जास्त विचारतात म्हणून मी आधी अजून एक कापणार होते, तो परत दिला.

ज्यांना गोंडस पिल्लूच हवंय, आठ दिवसात हवंय आणि अमुकच रंगाचं हवंय, त्यांनी इथे जाऊ नये, दोघांचाही वेळ जाईल. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे किंवा लहान मूल आहे त्यांनी जरूर जावं आणि फॉर्ममध्ये काही लपवू नये, कुत्रं जुळवतात ते त्या फॉर्मवरूनच. आणि रात्री नऊच्या आधी फोन करू नका, ते ऑफिसला असतात.

परवा त्या तुटक मेसेजवाल्यांचाच मेसेज आला, "ताई, तुमच्या बाजूला, मांजरी गावात, एक होम चेक आहे, जमेल का." सासूबाईंना म्हटलं कुत्र्यासाठी मांजरीला जायचंय, तर त्यांना दोन मिनिटं कळेना. रविवारी अकराला जाणार आहे, नर आहे चार वर्षांचा, घरात नवरा-बायको दोघं नोकरीला आणि एक आजोबा आहेत म्हणे. जाऊन आधी पाणी मागणार आहे.